वर्गातली दुसरी मुलगी

हेडसरांचा नियम सोपा होता. बीजगणिताच्या तासाला मुलांच्या वर्गात एकटी मुलगी बसणार नाही. दोघी असतील तर बसतील. एकीने बसल्यावर जे बिघडतं ते दोघींनी बसल्यावर कसं बिघडत नाही, हे त्यांना कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आणि त्या नियमातली दुसरी मुलगी मी होते. पहिली कुंदा.

पहूरला आमच्या शाळेत आठवीपर्यंत मुलं-मुली सगळं एकत्र शिकायची. नववीपासून फाटा फुटायचा. बीजगणित-भूमितीच्या तासाची घंटा झाली की मुलं पट्ट्या आणि कंपासपेट्या काढायची आणि आम्हा पाच मुलींनी उठून मागच्या खोलीत सुनंदाबाईंकडे गृहजीवनशास्त्राला जायचं. काज करणं, हातशिलाई, बाळाचं झबलं, आजाऱ्याची पेज. मुलींना गणित झेपत नाही असं शाळेत कोणी म्हणत नव्हतं, हे मी कबूल करते. वेळापत्रकच तसं होतं, आणि वेळापत्रकाशी भांडायला कोणी जात नाही.

कुंदाचे वडील जीवराम मिस्त्री. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. त्यांना मुलगा नव्हता. असता तर माझ्या हातात पाना आला नसता, हे कुंदा स्वतःच हसत सांगायची. ती दहा वर्षांची असल्यापासून बापाबरोबर केळीच्या बागांमधून हिंडायची आणि इंजिनाचा आवाज लांबून ऐकून काय बिघडलंय ते सांगायची. धूर काळा येतोय की पांढरा, एवढं पाहून ती नोझल काढायला बसायची. तिच्या नखांतलं काळं कधी निघालंच नाही. आमच्या घरी पाणी प्यायला आली की माझी आई, हीराबाई, तिला पेला देताना तिच्या बोटांकडे आधी बघायची.

आठवीच्या उन्हाळ्यात धुळ्याहून एक साहेब कुणाच्या तरी मळ्यात नवीन इंजिन बसवायला आले. इंजिन काही चालू होईना. साहेब डिप्लोमा झालेले होते, पँटला इस्त्री होती, आणि दोन तास हँडल मारून मारून घामाघूम झाले होते. कुंदाने पुढे होऊन डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि इंजिन पहिल्या फटक्याला लागलं. साहेब मोकळ्या मनाचे असावेत. ते म्हणाले, तू डिप्लोमा कर आणि माझी नोकरी घे. त्यांनी ते चेष्टेत म्हटलं होतं. कुंदाने विचारलं, त्यासाठी काय लागतं. अकरावीला बीजगणित-भूमिती लागते, ते म्हणाले, आणि आपल्या रस्त्याने गेले.

चेष्टा करणाऱ्यांनी आधी समोरचं माणूस बघावं. कुंदाने त्या दिवसापासून दुसरं काही मनात आणलं नाही. नववी सुरू झाली तशी ती हेडसरांकडे गेली, त्यांनी तो दोघींचा नियम सांगितला आणि ती सरळ आमच्या दुकानात आली. माझ्याकडेच का आली याचं कारण सांगताना तिने माझी भीड ठेवली नाही.

"बाकीच्या तिघींच्या आया भांडतीन. तुही माय फकस्त तोंड वाकडं करीन," ती म्हणाली. "आन् तुले कोनाले नही म्हनता येत नही, धनू."

माझं नाव धनकुंवर. वडील हस्तीमल, आमचे बापूजी, कापडाचे व्यापारी. आमच्या मारवाडी घरात मुलगी नववीत पोचली हेच जास्त झालं होतं. पण शाळा दुकानाच्या समोरच होती आणि हेडसर स्वतः येऊन गादीवर बसले. दोन मुली वर्गात असल्या की मुलंही शिस्तीत राहतात, असं काहीतरी ते बोलले. बापूजींना मोठ्या माणसापुढे नकार देता येत नसे. "सगाई होईपर्यंत बसू द्या," ते म्हणाले. कुंदा दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं, जसं काही माझी सगाई कधी होणार ते माझ्या कपाळावर लिहिलं होतं.

आम्ही दोघी मागच्या बाकावर, दाराजवळ बसायचो. गणिताचे भटू पाटील सर चांगले होते, म्हणजे ते आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. मला पहिले चार महिने एक अक्षर कळलं नाही. मी नापास झाले तर कुंदा वर्गात एकटी उरणार होती. त्यामुळे तिला स्वतःचा अभ्यास करून माझाही करावा लागला. इतकं ओझं मुलांपैकी कोणाच्या डोक्यावर नव्हतं.

शेवटी ती मला आमच्या दुकानातल्या मापांवरूनच शिकवायला लागली. तेव्हा मीटर येऊन काही वर्षं झाली होती, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी वारच होता, म्हणजे जुना यार्ड. जुन्या ताग्यांवर वाराचे आकडे आणि बिलावर मीटर, त्यामुळे बापूजी दिवसभर एका मळक्या कोष्टकात बोट घालून बसायचे. कुंदाने वाराची जुनी लोखंडी पट्टी आणि मीटरची नवी पट्टी शेजारी-शेजारी ठेवली.

"याले क्ष म्हन," वाराच्या पट्टीवर बोट ठेवून ती म्हणाली. "आता क्षचं भ्या वाटते का?"

नाही वाटलं. सात-आठ दिवसांत मी कोष्टक न बघता वाराचे मीटर करायला लागले, आणि मग समीकरणंही सुटायला लागली. मला ते आवडायला लागलं. उत्तर जुळलं की छातीत काहीतरी उघडल्यासारखं व्हायचं. हे मी घरी कोणाला बोलले नाही, कारण मुलीला काय आवडतं हा आमच्याकडे विचारात घ्यायचा मुद्दाच नव्हता.

नववी झाली, दहावी झाली. दहावीच्या वार्षिक परीक्षेत गणितात कुंदाला शंभरपैकी शहाण्णव मिळाले. भटू पाटील सरांनी वर्गात गुण वाचताना तिचं नाव घेतलं नाही. "एका विद्यार्थ्याला शहाण्णव," एवढंच म्हणाले. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मला त्रेसष्ट होते. अकरावीत आलो तेव्हा कुंदा बोटांवर महिने मोजायची. जून ते मार्च. मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा, पुढे धुळ्याला डिप्लोमा. माझी सगाई मार्चपर्यंत होऊ नये एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं, आणि मी तिला सांगितलं होतं की घरात अजून विषयही नाही.

१९६७च्या दिवाळीनंतर विषय निघाला. धुळ्याचे महावीरजी आणि त्यांची बायको सायरबाई मला बघायला आली. धुळ्याला त्यांचं कापडाचं मोठं दुकान. पण आईने मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की घाई नाही. मुलगा, प्रकाशचंद, इंदूरला मामाकडे धंदा शिकत होता, तो दोन वर्षांनी परतणार होता. आत्ता फक्त मुलगी बघून ठेवायची, अशा आणखी दोन बघितल्या आहेत, सगाई-लग्न सगळं मुलगा आल्यावर. मला हायसं वाटलं. दोन वर्षांत मार्च दोनदा येऊन जातो.

आता जे सांगते आहे ते मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितलं नाही. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. महावीरजी आणि बापूजी धंद्याचं बोलत होते. महावीरजींनी सहज विचारलं, साडेसात वाराच्या तुकड्याचे तुम्ही किती मीटर धरता. बापूजी कोष्टक शोधायला लागले. प्रश्न मला नव्हता. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. मी मान खाली घालून ट्रे ठेवायचा आणि आत जायचं, एवढंच काम होतं. आणि मी म्हणाले, "सहा मीटर शहाऐंशी."

आईचा चेहरा उतरला. महावीरजींनी मला नीट वरून खाली बघितलं आणि विचारलं, "सव्वानऊ?" तेव्हा तरी मला गप्प बसता आलं असतं. "आठ मीटर शेहेचाळीस," मी म्हणाले. अडीच वर्षं मी मागच्या बाकावर दाराजवळ बसले होते. मला एकदाही कोणी काही विचारलं नव्हतं आणि आज विचारलं. मला इतकं बरं वाटलं की मी मूर्खासारखी हसले.

महावीरजीही हसले. अशी मुलगी दोन वर्षं कोण थांबवून ठेवील, ते म्हणाले. बाकीच्या दोन मुलींकडे निरोप गेला आणि इंदूरला तार गेली. त्याच आठवड्यात माझी सगाई झाली, लग्न माघात ठरलं. सगाई झालेली मुलगी परक्या मुलांच्या वर्गात बसत नाही, त्यामुळे सगाईच्या दिवसापासून माझी शाळा बंद झाली.

कुंदा दुसऱ्या दिवशी आली. मी तिला सांगितलं, बापूजींनी ठरवलं. ते खोटं नव्हतं. ती म्हणाली, माहीत आहे, तुला कोण विचारणार. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तिने माझीच समजूत काढली. मी तो हात ठेवू दिला.

मग ती बापूजींकडे गेली. मार्चपर्यंत, रोजचा फक्त एक तास, तिने विनवलं. बापूजी म्हणाले, "बेटा, आता ती माझी राहिली नाही. धुळेवाल्यांना विचारावं लागेल." त्यांनी धुळेवाल्यांना विचारलं नाही. अकरावीत आणखी एकच मुलगी उरली होती, कमल. कुंदाने तिला गाठलं. गणित करू नको, परीक्षेला बसू नको, नुसती माझ्या शेजारी बस, तुझं शिवणाचं सगळं काम मी करून देते, असं म्हणाली. कमल तयार होती. तिची आई झुंबरबाई दारात येऊन उभी राहिली.

"माही पोर नुसती बसाले देऊ? कामाबिगर पोराइत बसली म्हनून लोकं तोंडात शेन घालतीन," ती म्हणाली. "तुह्या बापाले पोरगा नही म्हनून तू पोरगा झाली, बाई. आमाले पोरं हायेत."

त्यानंतर आठ दिवस कुंदा वर्गाबाहेर व्हरांड्यात, खिडकीखाली बसली. तिला फळा दिसत नव्हता. भटू पाटील सर त्या आठ दिवसांत फळ्यावर लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचायचे, एकेक ओळ, एकेक चिन्ह. वर्गातल्या मुलांना वाटलं सरांना बहिरेपणा आला. हे मला समोरच्या आमच्या माडीवरून दिसायचं आणि ऐकूही यायचं. नवव्या दिवशी शाळा समितीतल्या कोणीतरी पाहिलं. मुलगी बाहेर बसते हे वर्गात बसण्यापेक्षा वाईट दिसतं, असं ठरलं आणि सरांना ताकीद मिळाली.

नोव्हेंबरात परीक्षेचे अर्ज भरायचे होते. हेडसर दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. त्यांनी कुंदाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, तू हुशार आहेस, तुझं वर्ष वाया जाऊ नये ही माझी जबाबदारी आहे. नियमित वर्ग न केलेल्या विषयावर मी सही करू शकत नाही. मग त्यांनी स्वतःच्या पेनने बीजगणित-भूमिती खोडलं आणि त्याच्यावर बारीक, सुंदर अक्षरात गृहजीवनशास्त्र लिहिलं. जीवराम मिस्त्री शेजारी उभे होते. त्यांनी हेडसरांना नमस्कार केला.

सुनंदाबाईंनी तीन वर्षांचं चार महिन्यांत करून घेतलं. कुंदाच्या हातचं काळं कापडावर उतरायचं म्हणून तिला त्या आधी राखेने हात घासायला लावायच्या. इंजिनाकडे जायचं नाही अशी बाईंची अट होती आणि कुंदाने ती पाळली. काज करायला ती पंधरा दिवसांत शिकली, कारण तिचे हात मुळात हुशार होते, त्यांना काय करायला लावलंय याची त्यांना पर्वा नव्हती. माघात माझं लग्न झालं तेव्हा ती आली होती. तिने मला एक झबलं दिलं, परीक्षेसाठी शिवलेलं. बघून सायरबाई म्हणाल्या, किती सफाई आहे हाताला.

निकाल जूनमध्ये लागला. कुंदा शाळेत मुलींत पहिली आली आणि गृहजीवनशास्त्रात तिला सत्त्याऐंशी मिळाले. हेडसरांनी पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात ती बापाबरोबर धुळ्याला आली. एवढे गुण बघितल्यावर डिप्लोमावाले एखादा विषय सोडून देतील, असं जीवरामआबांना वाटत होतं. कुंदालाही, मला वाटतं, थोडंसं वाटत होतं. आबांनी बरोबर फडक्यात बांधून एक नोझल आणि पाना आणला होता. तिथे एखादं बंद इंजिन असेल तर पोरगी समोर चालू करून दाखवील, असा त्यांचा बेत होता.

दुपारी दोघं आमच्याकडे जेवायला आली. आमचं घर दुकानाच्या वर. आबा पुढच्या खोलीत माझ्या सासऱ्यांबरोबर बसले, कुंदा आत स्वयंपाकघरात माझ्याजवळ. मी तिला वाढता वाढता विचारलं, काय झालं.

"कारकून चांगला व्हता," ती म्हणाली. "त्यानं गुणपत्रिका दोनदा वाचली. म्हने, बीजगणित कुठी हाये. मी म्हनलं, तीन वर्सं केलं, परीक्षेले बसू नही देल्लं. म्हने, कागदावर नही तर नही. मी म्हनलं, बाहेरून बसू का. म्हने, त्यालेबी शाळेचा दाखला लागते, वर्ग केल्याचा."

"मग?"

"मंग म्हने, तुले गृहजीवनात सत्त्याऐंशी हायेत, तू शिवनाचा कोर्स कर. पोरगी ज्यात हुशार, त्यातच तिनं जावं." ती भाकरीचा तुकडा मोडत होती, खात नव्हती. "आबानं नोझल काढलं तं बाकीचे लोकं हसाले लागले."

असोद्याहून एक स्थळ आलं होतं, घरची केळी होती, तेही तिने सांगितलं. आबा आता होकार कळवणार होते. आणखी काय सांगायचं राहिलं होतं. मी तिला तूप वाढलं, ती नको म्हणाली नाही.

तेवढ्यात खाली दुकानातून माझ्या नवऱ्याची हाक आली. "ऐकलं का, सव्वाअकरा?"

मी जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या पडद्याआडून म्हणाले, "दहा मीटर एकोणतीस." हे दिवसातून वीसदा व्हायचं. मी खाली जायची नाही, दुकानात दिसायचीही नाही, आवाज तेवढा उतरायचा.

पुढच्या खोलीत जीवरामआबा चकित झाले. "शेठ, हे सूनबाईनं तोंडी सांगतलं?"

सासऱ्यांना तेवढंच हवं होतं. त्यांचा आवाज आतपर्यंत स्वच्छ येत होता. "मिस्त्री, यावरूनच तर पक्की केली. आम्ही दोन वर्षं थांबणार होतो. मुलगा इंदूरला, तीन मुली बघायच्या होत्या, काही घाई नव्हती. बघायला गेलो तर मी हिच्या वडिलांना वाराचा हिशेब विचारतोय आणि ही चहा ठेवता ठेवता बोलून मोकळी. कोणी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, हिला आता सोडायची नाही, याच माघात उरकून टाकू."

कुंदाचा हात ताटात थांबला. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. चुलीवर काही नव्हतं. मला वाटलं ती ताट सरकवील, मला शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल असंही वाटलं. आपण तिचं काय केलं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण कळलं, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून आणि कौतुकाने ऐकलं.

"तुले कोनी इचारलं नव्हतं?" तिने हळू विचारलं.

"नव्हतं."

"कोनता आकडा व्हता?"

"साडेसात."

तिचे ओठ हलले. ती मनातल्या मनात करून बघत होती. मग तिने विचारलं, "तू काय सांगतलं?"

"सहा मीटर शहाऐंशी."

"बरोबर हाये," कुंदा म्हणाली. तिने ताटात हात धुतले, आणि बाहेर आबा तिला हाक मारत होते म्हणून उठली. जिना दुकानातून उतरत होता आणि मला तो उतरायची परवानगी नव्हती, त्यामुळे मी तिला सोडायला पडद्यापर्यंतच गेले.